दुर्मीळ आणि अभिजात

जुन्या अमेरिकी मोटारींच्या संग्राहकांसमोर हटकून येणारा एक प्रश्न आहे : १९५५ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यावी की त्याच सालची फोर्ड थंडरबर्ड? वरवर पाहता हा हौशी मंडळींचा प्रश्न. पण त्याच्या पोटात मूल्यमापनाचा जो पेच आहे, तो साहित्याच्या अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटते.

दोन्ही गाड्या दोन आसनी आणि उघड्या टपाच्या. कॉर्व्हेट १९५३ साली अवतरली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. बॉडी फायबरग्लासची, इंजिन सहा सिलिंडरचे. दारांना वरखाली होणाऱ्या काचा नव्हत्या की बाहेरून मूठ नव्हती. १९५५ साली तिला व्ही-एट इंजिन लाभले, तरी त्या वर्षी केवळ ७०० गाड्या तयार झाल्या. थंडरबर्डचे ते पहिलेच वर्ष. पोलादी बॉडी, वरखाली होणाऱ्या काचा, आरंभापासून व्ही-एट. आणि गाड्या निघाल्या १६,१५५.

आज संग्राहक सर्वसाधारणपणे कॉर्व्हेटलाच अधिक दाम मोजतात. ज्या अल्पसंख्येला तेव्हा अपयश म्हटले गेले, तिलाच आता दुर्मिळता म्हणतात! न खपलेल्या पहिल्या आवृत्तीची प्रत पुढे मौल्यवान ठरावी, तसाच हा प्रकार. प्रतीची किंमत वाढते. कवितेची प्रत त्याने वाढत नाही.

कॉर्व्हेटच्या पक्षाचे म्हणणे मात्र झटकून टाकण्याजोगे नाही. तिची परंपरा आजही चालू आहे. उलट थंडरबर्ड १९५८ साली चार आसनी झाली, अधिक खपली, आणि आपले मूळ रूप गमावून बसली. २००५ नंतर तर ती बंदच झाली. म्हणजे कॉर्व्हेट हा एका दीर्घ परंपरेचा कच्चा खर्डा आहे, तर १९५५ ते १९५७ची थंडरबर्ड ही तीन वर्षांत पूर्ण झालेली छोटी, रेखीव कृती.

खर्ड्याचे ऐतिहासिक महत्त्व आम्ही नाकारत नाही. संग्रहालयाने कॉर्व्हेट अवश्य जपावी. परंतु ज्याला एकच गाडी घेऊन ती रस्त्यावर चालवायची आहे, त्याने थंडरबर्ड घ्यावी, असे आमचे मत आहे. इंजिनावरचा क्रमांक मूळचा आहे की नाही, एवढेच पडताळून गाडी आच्छादनाखाली ठेवणारा संग्राहक आणि पाठभेद मोजून कविता न वाचणारा संशोधक यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. महत्त्व, दुर्मिळता आणि गुणवत्ता ही तीन वेगळी मापे आहेत. बाजार ती एकाच आकड्यात मिसळतो. समीक्षेने ती वेगळी ठेवली नाहीत, तर तिचे कामच उरणार नाही.