खाडीपलीकडचे मत

गोराई मुंबईतच आहे. पण तेथून बोरिवलीला यायचे तर होडीने खाडी ओलांडावी लागते, नाही तर मुंबईची हद्द सोडून भाईंदरवरून वळसा घालावा लागतो. पाटी घेऊन धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या कोळणीला पाणी, दिवा, गटार यांचा जाब विचारायला नगरसेवकाचे दार तेवढे जवळचे.

ते दार 7 मार्च 2022 रोजी बंद झाले. 2017 साली निवडलेल्या महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, आणि पुढचे मतदान उजाडले ते 15 जानेवारी 2026 रोजी! मुदतीपूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे 74वी घटनादुरुस्ती बजावते. कारण सांगितले गेले ओबीसी आरक्षणाच्या खटल्याचे. तो प्रश्न खराच होता; परंतु प्रभाग 227 चे 236 आणि पुन्हा 227 करण्याचा खेळ लागोपाठच्या दोन सरकारांनी मांडला. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका वेळेवर झाल्या. मग त्याच मतदाराचे मत गल्लीतच का अडावे?

‘प्रशासकाच्या राज्यात काय अडले?’ असे सुखवस्तू विचारतात. त्यांचे अडत नाही. त्यांची ओळख मंत्रालयापर्यंत पोचते. नालायक नगरसेवकाला पाडता तरी येते. प्रशासकाला कोणत्या मताने पाडायचे?

मतदान पार पडले, एवढ्यावर कार्यकर्त्यांनी समाधान मानू नये. जवळजवळ चार वर्षांच्या बिनलोकशाही कारभाराचा हिशेब खाडीच्या दोन्ही काठांवर मागितला पाहिजे. जी चूक निमूटपणे सोसली जाते, तिचा पुढे रिवाज होतो.