मेक बांधायला मेकच हवे!

शेजारची एक मुलगी संगणक शिकते. परवा म्हणाली, "काका, 'मेक' बांधायला आधी मेकच लागते. मग पहिले कुठून आणायचे?"

एक व्हाउचर बदलले म्हणून आम्ही कारकून सगळी खातेवही पुन्हा लिहीत नाही. त्यावरच्या बेरजा तेवढ्या दुरुस्त करतो. मेकचे काम हेच. फायलींची वेळ पाहून बदलले तेवढेच पुन्हा बांधते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केले.

'जीएनयू मेक'चा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. त्यासोबत 'बिल्ड.एसएच' ही छोटी आज्ञावली येते. यंत्रावर सी भाषेचा कंपायलर मात्र हवा. आधी 'कॉन्फिगर' चालवावे. ते यंत्राची तपासणी करते. मग 'बिल्ड.एसएच' चालवावी; मेक नसतानाही पहिले मेक तयार होते. त्याच मेकने 'चेक' करून चाचणी घ्यावी, मग 'इन्स्टॉल' करावे.

मुलीने ते रात्री केले. चाचणीत चूक दिसली, तिने ती वाचली आणि पुन्हा बांधले. आयते वापरणारा अडला की दुसऱ्याच्या दारात जातो. बांधणारा कुठे अडले ते शोधतो. आपल्या मुला-मुलींना एकदा तरी हे स्वतःच्या हाताने करू द्या.