पोथी उघडावी ती कशासाठी?

श्रावण आला की महाराष्ट्रातील कितीतरी घरांत लाल फडक्यात बांधलेली पोथी देव्हाऱ्याजवळून खाली येते. चौरंगावर तिची स्थापना होते, हळद-कुंकू वाहिले जाते, नेमाने पारायण होते आणि मास सरला की पोथी पुन्हा फडक्यात बांधली जाते. या परंपरेविषयी मनात आदरच आहे. ज्या घरात पोथी खाली उतरते, त्या घरात ती कधी तरी समजून वाचली जाण्याची शक्यता शिल्लक राहते. परंतु घरावर संकट कोसळते, नोकरी जाते, पीक बुडते, कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हा या पोथीकडून आपण नेमके काय मागतो? केवळ संकट टळावे एवढेच मागणे असेल, तर ते न टळल्यास श्रद्धाही ढळते. अशी श्रद्धा हा एक प्रकारचा व्यवहारच म्हणावा लागेल.

या संदर्भात लोकमान्य टिळकांच्या आयुष्यातील एक प्रसंग चिंतनीय आहे. १८७२ साली त्यांचे वडील मृत्युशय्येवर होते आणि त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ ही प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम १६ वर्षांच्या बाळ टिळकांकडे आले होते. ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत त्यांनीच ही आठवण नोंदविली आहे. वडील त्या आजारातून उठले नाहीत. गीतेचे सारे मर्म त्या वयात कळणेही शक्य नव्हते. मात्र मनावर उमटलेला ठसा कायम राहिला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले, तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि देहाला मधुमेह जडला होता. अशा अवस्थेत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. त्यानंतर जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या, ती वार्ताही त्यांना तुरुंगातच ऐकावी लागली. गीतेने त्यांचे दुःख टाळले नाही. पण १९१४ मध्ये जो माणूस बाहेर आला तो खचलेला नव्हता. दोनच वर्षांनी त्याने होमरूल लीगची उभारणी केली.

धुळ्याच्या तुरुंगातील कथाही अशीच आहे. १९३२ साली तेथे विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवारांची ती प्रवचने आज ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी आहेत. ऐकणारे कैदी होते. त्यांची शिक्षा त्या श्रवणाने कमी होणार नव्हती, परंतु तुरुंगातील त्या वेळेला अर्थ प्राप्त झाला.

गीतेची रचनाही हेच सांगते. पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’. खचलेल्या मनाची लाज न बाळगता आपल्या परंपरेने विषादालाही योग म्हटले, हे विलक्षण आहे. पहिल्या अध्यायात दोन सैन्ये समोरासमोर उभी आहेत आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटीही ती तशीच उभी आहेत. बाहेर काहीच बदललेले नाही. बदलला तो धनुष्य टाकून बसलेला अर्जुन. आणि सारे सांगून झाल्यावर भगवंत त्याला आज्ञा करीत नाहीत. या सर्वाचा नीट विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावरच सोपवितात. ग्रंथ वाट दाखवितो. पाऊल मात्र ज्याचे त्यालाच उचलावे लागते.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोरोनाने रुग्णालयात होते. आत जाण्यास मनाई होती. सायंकाळी एक परिचारिका पाच-दहा मिनिटे फोन त्यांच्या कानाशी धरी. धीराचे शब्द दोन दिवसांत संपले. तिसऱ्या दिवशी मी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय वाचू लागलो. मी कला शाखेचा पदवीधर. ज्ञानेश्वरी मला परिचित होती ती साहित्य म्हणून. एका ओळीत माझा उच्चार चुकला आणि प्राणवायूच्या मुखवट्याआडून क्षीण आवाज आला, “पुन्हा वाच.” जन्मभर शिक्षकी केलेल्या त्या माणसाला चुकलेली ओवी सहन होईना! आम्ही सात दिवस वाचले. अध्याय पुरा होण्याआधी वडील गेले. उरलेल्या ओव्या मी आईला वाचून दाखविल्या. चमत्कार काहीच घडला नाही. परंतु त्या भयाण आठवड्यात दिवसातला एक प्रहर आमच्या स्वाधीन होता, आणि त्याच्या आधारावर आईची औषधे, बँकेची कामे, नातेवाइकांना कळविणे ही पुढची कर्तव्ये पार पडली.

उपाशी माणसाला पोथी कसली देता, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्यच आहे. उपाशी माणसाला अन्नच दिले पाहिजे, आजाऱ्याला वैद्य आणि कर्जबाजाऱ्याला आर्थिक आधार. पोथी त्यांची जागा घेऊ शकत नाही. घेते असे सांगणारा ग्रंथाचा द्रोह करतो. पण जो मदत करायला निघतो, त्याच्या अंगी चिकाटी कोठून यावी? नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करणाऱ्या ज्ञानदेवांनी समाजाचा बहिष्कार सोसला होता. तरी पसायदानात त्यांनी स्वतःपुरते काही मागितले नाही. दुष्टांचीही दुष्टता तेवढी जावी आणि सर्वांचे भले व्हावे, हेच मागितले. दुःखातून कटुता न येता करुणा यावी, हेच शास्त्रनिष्ठेचे खरे फळ होय.

म्हणून या वर्षी पोथी बांधून ठेवताना थोडा विचार करावा. आठवड्यातून एक सायंकाळ घरातील सर्वांनी एकत्र बसावे, थोडेच पण अर्थासह वाचावे, वाचन मुलांकडे द्यावे आणि चुकले तर पुन्हा वाचावयास सांगावे. शेजारच्या घरी दुःख असेल तर डबा घेऊन जावे. त्यांनी बोलाविले तर पोथीही न्यावी. सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या उशाशी बसून वाचलेली गीता ३८ वर्षांनी मंडालेत त्याच्या कामी आली. आपल्या मुलांना ती केव्हा कामी येईल, हे आज कोणी सांगावे?