हिमोफिलिया : विज्ञान पुढे, व्यवस्था मागे

व्हिक्टोरिया राणीच्या वंशजांमुळे हिमोफिलियाला ‘राजघराण्यांचा रोग’ अशी ख्याती मिळाली. वस्तुतः राजवाडा आणि झोपडी यांतील भेद या रोगाला ठाऊक नाही. दर ५,००० मुलग्यांमागे साधारण एक जण, रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या आठव्या घटकाची उणीव घेऊन जन्मतो; नवव्या घटकाची उणीव त्याहून विरळा. या हिशेबाने भारतात लाखाहून अधिक रुग्ण असले पाहिजेत. नोंद मात्र त्यांतील अल्पांशाचीच आहे. मग उरलेले कोठे आहेत? कोणी सुजलेल्या गुडघ्यावर संधिवाताची औषधे घेत अपंग झाला आहे, तर कोणी दात काढल्यानंतर रक्त न थांबल्याने निदानावाचूनच गेला आहे.

या रोगावरील उपचारांचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य समजून घ्यावा. १९६४ साली स्टॅनफर्ड येथील ज्युडिथ पूल या संशोधिकेच्या ध्यानात आले की, गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला तर तळाशी उरणाऱ्या साक्यात आठवा घटक विपुल असतो. हाच क्रायोप्रेसिपिटेट. साधी रक्तपेढीही तो तयार करू शकत असे, आणि अजूनही करू शकते. त्यानंतर हजारो लोकांचा रक्तद्रव एकत्र करून काढलेली भुकटी बाजारात आली. अमेरिकन कंपन्यांनी पैसे देऊन, तुरुंगातील कैद्यांकडूनसुद्धा, रक्तद्रव घेतला. त्यातून एचआयव्ही आणि कावीळ-सी यांचे विषाणू रुग्णांच्या शरीरात गेले. एकट्या ब्रिटनमध्ये रक्तस्रावाच्या विकारांचे सुमारे १,२५० रुग्ण एचआयव्हीने बाधित झाले. त्यांत शाळकरी मुलेही होती. हा अपघात नव्हता, असा स्पष्ट निष्कर्ष लँगस्टाफ चौकशी समितीने मे २०२४ मध्ये नोंदविला. तो यावयास कित्येक दशके लागली!

दरम्यान विज्ञान थांबले नव्हते. १९८४ मध्ये आठव्या घटकाचे जनुक वेगळे काढण्यात आले आणि १९९० नंतरच्या दशकात मानवी रक्ताविना तयार केलेला घटक उपलब्ध झाला. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एमिसिझुमॅब शिरेत न देता त्वचेखाली टोचतात, आठवड्याला किंवा महिन्यातून एकदा. २०२२ मध्ये नवव्या घटकासाठीची जनुकोपचार पद्धती तेथे मान्य झाली. किंमत एका मात्रेस ३५ लाख डॉलर. मग ही प्रगती नेमकी कोणाची, असे कोणी विचारले तर त्यास दोष कसा द्यावा? आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रुग्णाच्याच मूलपेशींत जनुक घालून पाच जणांवर उपचार केले व त्यांचे रक्तस्राव थांबल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. हे काम मोलाचे आहे.

परंतु आजचा प्रश्न त्याहून साधा आहे. निदानासाठी आधी रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी आणि मग घटकाचे मोजमाप लागते. मुंबईत के.ई.एम.च्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत हे होते. तालुक्याच्या गावी बहुधा होत नाही. आठवड्यातून दोनदा अल्प मात्रेत घटक दिला तरी मुलाचे सांधे बऱ्याच अंशी वाचतात, असा अनुभव आहे. त्यासाठी साठा अखंड हवा. महिनोन्‌महिने साठा संपलेला असेल, तर ‘मोफत औषध’ या घोषणेला काय अर्थ?

आणखी एक गोष्ट. हे जनुक आईकडून येते म्हणून घरोघरी दूषणे तिलाच मिळतात. प्रत्यक्षात सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कधीच नसतो. जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो. ज्या स्त्रियांत हे जनुक असते, त्यांनाही पुष्कळदा अतिरक्तस्राव होतो. त्याची तर दखलही कोणी घेत नाही.

२०१६ च्या कायद्याने हिमोफिलिया अपंगत्वाच्या यादीत आला आहे. तेव्हा साथींनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन घटकांचा साठा किती व गेल्या वर्षात तो किती दिवस नव्हता, याची लेखी माहिती मागावी. वस्तीत एखाद्या मुलाचा सांधा वारंवार सुजत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर त्याची तपासणी करवून घ्यावी. तोवर त्याला ॲस्पिरिन देऊ नये आणि स्नायूत सुई टोचू देऊ नये.