घोडीचे ऋतुचक्र आणि तबेल्यातला दिवा

तुळशीचे लग्न लागले की बिबवेवाडीच्या रस्त्यांवर वरातीच्या सजवलेल्या घोड्या दिसू लागतात. माणसांच्या लग्नसराईचा हा हंगाम घोडीच्या शरीरासाठी मात्र बहुधा प्रजननाच्या विश्रांतीचा असतो.

ही विश्रांती अंधार ठरवतो. रात्र लांबली की मेंदूतील पिनियल ग्रंथी अधिक काळ मेलाटोनिन स्रवते. त्यामुळे जीएनआरएच हे संप्रेरक मंदावते, पियुषिका ग्रंथीतून एफएसएच व एलएच कमी येतात आणि अंडाशय शांत होतात. दिवस वाढू लागले की हे सारे पुन्हा सुरू होते. पुण्यात सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक असतो. इंग्लंडमध्ये तो नऊ तासांच्या आसपास जातो. म्हणूनच आपल्याकडच्या सगळ्याच घोड्या हिवाळ्यात पूर्ण थांबत नाहीत.

घाई असते ती माणसाला. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय आपल्याकडे १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत आणि मे महिन्यात जन्मलेली शिंगरे कागदावर एकाच वयाची ठरतात. गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा, त्यामुळे घोडी फेब्रुवारीतच फळावी अशी मालकांची धडपड असते. पण तेव्हा अनेक घोड्या माज दाखवतात, तरी एलएच अपुरे असल्याने बीज सुटत नाही. मग इंजेक्शनांचा मोह होतो.

त्याहून साधा उपाय दिव्याचा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून सूर्यास्तानंतर दिवा लावून दिवसाचा उजेड १६ तासांपर्यंत नेला, तर साधारण ६० ते ७० दिवसांत अंडाशय जागे होतात. तबेल्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतका प्रकाश पुरतो.

संप्रेरके निरुपयोगी नाहीत. पण सोनोग्राफीने अंडाशयाची अवस्था पाहून पशुवैद्यकानेच ती द्यावीत. आल्ट्रेनोजेस्टसारखे औषध माणसाच्या त्वचेतूनही शरीरात शिरते आणि स्त्रियांची पाळी बिघडवू शकते. प्रोस्टाग्लँडिन गर्भवतींना व दमेकऱ्यांना धोक्याचे असते. तबेल्यात राबणाऱ्या कुटुंबांना हे स्पष्ट सांगणे आणि हातमोजे पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. शिंगरू महिनाभर आधी जन्मावे यासाठी मोतद्दाराच्या घरच्यांचे आरोग्य पणाला लावण्याचा हक्क कोणालाही नाही.