सेना एक, यंत्रांच्या भाषा अनेक!

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या कारवाईला जेमतेम एक दिवस उलटला होता. पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेकडे झेपावली होती आणि काश्मीरच्या आकाशात प्रत्येक क्षण निर्णायक ठरत होता. अशा वेळी श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. सहा वायुसैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडला. ते हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नव्हते. भारताच्याच क्षेपणास्त्राने त्याचा वेध घेतला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

या दुर्घटनेत माणसांच्या चुका होत्याच. त्यांची चौकशीही झाली. परंतु माणसावर ठपका ठेवला की प्रश्न संपला, अशी समजूत करून घेणे ही आत्मवंचना ठरेल. आकाशातील एक ठिपका आपला की परका, हे काही सेकंदांत ठरवावे लागते. त्या सेकंदांत माणूस यंत्रावर विसंबतो. आणि यंत्रे एकमेकांशी बोलत नसतील, तर शूर आणि कुशल सैनिकही आंधळा ठरतो. भारतीय सेनादलांच्या शौर्याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या हाती दिलेल्या यंत्रांच्या भाषेचा.

साचा म्हणजे काय?

रडारला एखादे विमान दिसले की त्याची माहिती पुढे पाठवली जाते. विमान कोठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहे, ते कोणत्या क्षणी दिसले, ते मित्र की शत्रू आणि या ओळखीची खात्री किती, एवढे तपशील त्या संदेशात असतात. हे तपशील कोणत्या क्रमाने, कोणत्या एककात आणि किती अंकांत लिहायचे, याचा ठरीव साचा म्हणजे डेटा फॉर्मॅट. उंची एकाने मीटरमध्ये पाठवली आणि दुसऱ्याने ती फुटांत वाचली, तर दोन्ही यंत्रे निर्दोष असूनही निष्कर्ष मात्र खोटा निघतो. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळयान नेमके अशाच एककांच्या घोळामुळे नष्ट झाले. तेथे जीवितहानी झाली नाही. रणांगणावर अशी सूट मिळत नसते.

नकाशाचेच उदाहरण घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर उपग्रहावरून स्थाननिश्चिती करणारी आधुनिक यंत्रणा डब्ल्यूजीएस-८४ हा आधार मानते. एकाच शिखराचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत वेगवेगळे येतात आणि हा फरक तोफखान्याच्या दृष्टीने मुळीच किरकोळ नसतो. संदेशात आकडे आहेत, पण ते कोणत्या आधारावरचे हे नमूद नाही, अशी स्थिती असेल तर गोळा कोठे पडेल?

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहत, पण एकीचे डबे दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नसत. सारा माल हमालांच्या पाठीवरून इकडून तिकडे न्यावा लागे. एका यंत्राच्या पडद्यावरील माहिती वाचून दुसऱ्या यंत्रात हाताने भरणारा किंवा दूरध्वनीवरून सांगणारा सैनिक ही आधुनिक युद्धातील हमालीच होय. फरक इतकाच की, मालगाडीला दोन तास उशीर झाला तर व्यापाऱ्याचे नुकसान होते. येथे दोन मिनिटांचा उशीर प्राण घेतो.

महासत्तेने मोजलेली किंमत

हा धडा जगातील सर्वांत श्रीमंत सेनेलाही रक्त सांडूनच शिकावा लागला. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. २६ जण ठार झाले. हेलिकॉप्टरांवरील ओळखयंत्रणा त्या क्षेत्रासाठी ठरलेला संकेत देत नव्हती आणि विमाने व हेलिकॉप्टरे रेडिओच्या वेगवेगळ्या कंप्रतांवर होती. एकाच देशाची, एकाच मोहिमेवरील ही दोन दले एकमेकांना परकी ठरली. मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रारंभीच अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटनचे टोर्नेडो विमान पाडले. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. ती पॅट्रियट तुकडी संपर्कसाहित्य पोहोचले नसल्यामुळे स्वतंत्रपणे, म्हणजे व्यापक जाळ्यापासून तुटून, काम करीत होती.

अशा अनुभवांतून पाश्चात्त्य राष्ट्रे एका निष्कर्षावर ठाम राहिली आहेत : शस्त्र कोणत्याही कंपनीचे असो, संदेशाचा साचा सामायिकच हवा. ‘लिंक-१६’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यात वेळेचे सेकंदाला १२८ लहान तुकडे पाडलेले असतात आणि जाळ्यातील प्रत्येक घटक आपल्या वाट्याच्या तुकड्यात ठरलेल्या साच्यातील संदेश पाठवतो. लढाऊ विमान, युद्धनौका आणि भूमीवरील क्षेपणास्त्र तुकडी यांना त्यामुळे एकच चित्र दिसते. नाटो टिकून राहण्यात तोफांइतकाच या कंटाळवाण्या वाटणाऱ्या मानकांचाही वाटा आहे.

उसन्या भाषेचे मोल

मग भारताने सरळ तीच पद्धत स्वीकारावी, असा सल्ला देणारे विद्वान दिल्लीच्या चर्चासत्रांत विपुल आहेत. हा सल्ला दिसतो तितका निरागस नाही. भारताच्या शस्त्रागारात रशियाचे सुखोई, फ्रान्सचे मिराज आणि राफेल, इस्रायली रडार वाहणारे फाल्कन, अमेरिकी पी-८आय व अपाचे आणि स्वदेशी तेजस आहे. रशियाची एस-४०० प्रणालीही आहे. अमेरिकी यंत्रणेची संपर्कभाषा रशियन यंत्रणेशी जोडण्यास वॉशिंग्टन संमती देईल काय? तुर्कस्तान हा नाटोचा सदस्य. त्याने एस-४०० घेतली म्हणून जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला एफ-३५ च्या कार्यक्रमातून बाहेर काढले. सहकाऱ्याची ही गत, तेथे कोणत्याही लष्करी गटात नसलेल्या भारताने काय अपेक्षा ठेवावी?

सप्टेंबर २०१८ मध्ये भारताने अमेरिकेशी ‘कॉमकासा’ करार केला. त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या विमानांना त्यांची सुरक्षित संपर्कसाधने मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हा करार उपयुक्त आहे, यात वाद नाही. मित्राशी बोलण्यासाठी मित्राची भाषा अवश्य शिकावी. परंतु घरातल्या भावाशी बोलतानाही परक्याच्या दुभाष्याची गरज भासत असेल, तर ते घर स्वतंत्र म्हणवते तरी कशाच्या आधारे? साचा ज्याच्या मालकीचा, त्याच्या हाती दाराची किल्ली. नवे क्षेपणास्त्र जोडायचे, त्याला विचारा. नवे रडार जोडायचे, त्याला पैसे मोजा. ऐन युद्धात दुरुस्ती हवी, त्याच्या परराष्ट्र धोरणाची मर्जी सांभाळा.

भारताला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. नौदलाच्या पी-८आय विमानासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘डेटा लिंक-२’ ही स्वदेशी संपर्कप्रणाली २०१० मध्येच बोईंग कंपनीला सुपूर्द केली. विमान अमेरिकी, पण भारतीय नौकांशी बोलण्याची व्यवस्था भारतीय! जे एका विमानात शक्य झाले, ते धोरण म्हणून सर्वत्र का राबवू नये?

तीन दले, तीन संस्थाने

अडचण केवळ परक्यांची नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने सुरक्षाव्यवस्थेतील उणिवा देशासमोर मांडल्या. २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षण दलप्रमुख हे पद निर्माण करण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात जनरल बिपिन रावत यांनी ते पद स्वीकारले १ जानेवारी २०२० रोजी! मधली अठरा-एकोणीस वर्षे कोणी आणि कशासाठी वाया घालवली? सरकारे बदलली, पण प्रत्येक दलाचा आपापल्या अधिकारक्षेत्राविषयीचा हट्ट आणि नोकरशाहीची चालढकल कायम राहिली. या काळात तिन्ही दलांनी आपापली जाळी उभारली. वायुसेनेने ‘आयएसीसीएस’ ही हवाई नियंत्रणाची एकात्मिक प्रणाली उभी केली, नौदलाने स्वतःची, भूदलाने स्वतःची. प्रत्येक प्रणाली आपापल्या जागी चांगली. पण तीन उत्तम विहिरी खणल्या म्हणून गावाला नळ मिळत नाही.

मराठी माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि बंदुका होत्या, मराठ्यांचे वेगवान घोडदळही होते. दोन्ही आपापल्या परीने अजोड. पण दोघांच्या युद्धपद्धती निराळ्या होत्या आणि त्यांना जोडणारी शिस्त नव्हती. आपलेच स्वार आपल्याच बंदुकांच्या माऱ्याआड आल्याचे त्या लढाईचे वर्णन मराठी घराघरांत हळहळत सांगितले जाते. शौर्याची तूट त्या दिवशी नव्हती.

आक्षेप आणि उत्तर

सामायिक साच्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सर्वांची भाषा एक झाली आणि ती शत्रूला कळली, तर सारे जाळे एकदमच उघडे पडेल. हा आक्षेप साचा आणि कुलूप यांत गल्लत करतो. संदेशाची मांडणी निराळी आणि त्याचे कूटलेखन निराळे. कूटप्रणालीची सुरक्षितता तिच्या रचनेच्या गुप्ततेवर नव्हे, तर किल्लीच्या गुप्ततेवर अवलंबून असावी, हे तत्त्व ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले. भारतातील शेकडो बँका २०१६ पासून यूपीआयच्या एकाच साच्यातून व्यवहार करीत आहेत, म्हणून काही प्रत्येकाची तिजोरी उघडी पडलेली नाही. जाळ्याचा एक भाग शत्रूच्या हाती लागला तर तो तत्काळ तोडता यावा, ही व्यवस्था अर्थातच हवी. पण चोराच्या भीतीने घरातल्यांनी मुके होणे हा उपाय नव्हे.

एकत्र येण्याचे फळ काय असते, हे मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी देशाने पाहिले. भूदलाची ‘आकाशतीर’ ही हवाई संरक्षण प्रणाली वायुसेनेच्या ‘आयएसीसीएस’शी जोडलेली होती. पाकिस्तानने पाठवलेल्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या लाटांना तोंड देताना जुन्या तोफा, रशियन क्षेपणास्त्रे आणि स्वदेशी ‘आकाश’ यांनी एका जाळ्याचे घटक म्हणून काम केले. या दोन्ही प्रणाली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या आहेत, हा योगायोग नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओने तिन्ही दलांच्या सहभागाने सॉफ्टवेअर-आधारित रेडिओसाठी ‘इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ हे भारतीय मानक प्रसिद्ध केले. एका कंपनीच्या रेडिओसाठी लिहिलेली संपर्कपद्धती दुसऱ्या कंपनीच्या रेडिओवरही चालावी, हा त्याचा हेतू. दिशा योग्य आहे. आता भीती एकच : हे मानक ग्रंथालयाच्या फडताळात विसावू नये.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. स्थाने, वेळ, ओळख आणि आज्ञा यांचे संदेश कसे लिहायचे, याचा एकच राष्ट्रीय साचा असावा आणि त्याची मालकी भारत सरकारची असावी. तो बदलण्याचा अधिकार संरक्षण दलप्रमुखांच्या अखत्यारीत असावा. एखाद्या दलाच्या वा कंपनीच्या नव्हे. विक्रेता देशी असो वा परदेशी, त्याचे यंत्र या साच्यात बोलते की नाही याची प्रत्यक्ष चाचणी करारापूर्वी व्हावी, आणि जे बोलत नाही ते कितीही चकचकीत असले तरी विकत घेतले जाऊ नये. एकीकृत कमांडचा नकाशा कागदावर काढून सेनादले एक होत नाहीत. सेनापती एक नेमला आणि त्याच्या पडद्यावर तीन वेगवेगळी चित्रे दिसू लागली, तर ते एकीकरण नावापुरतेच उरेल.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला. लढाया चालू होत्या, शत्रू दारात होते, आणि तरीही कारभारातील फारसी शब्दांच्या जागी स्वतःचे शब्द ठरवण्यासाठी त्या द्रष्ट्या राजाने वेळ काढला. आज्ञा कोणत्या शब्दांत दिली जाते, यावर राज्य कोणाचे हे ठरते, हे महाराजांनी ओळखले होते. आज आज्ञा यंत्रांतून जातात. त्या यंत्रांचा राज्यव्यवहारकोश भारताने स्वतः लिहावा आणि तो पुढच्या युद्धाच्या आधी लिहून पूर्ण व्हावा. बडगामला गेलेल्या सात जीवांचे एवढे ऋण तरी या देशावर आहे.