बसले म्हणजे जुळले का?

बोल्ट नीट बसले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. मला हे मान्य नाही.

अमेरिकेत जुन्या फोर्ड मस्टँग मोटारीत नंतरच्या काळातले इंजिन बसवण्याचा छंद अनेकांना आहे. फोर्डचे ३०२ घनइंची इंजिन १९६८ सालचे. त्याच्या फ्लायव्हीलची एक बाजू मुद्दाम जड ठेवतात, म्हणजे क्रँकशाफ्टचा तोल साधतो. हा जडपणा आधी २८ औंस-इंच होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो ५० केला गेला. बोल्टांची भोके मात्र तीच राहिली! त्यामुळे जुने फ्लायव्हील नंतरच्या इंजिनाला सहज बसते.

आता हिशेब करून पाहा. फरक २२ औंस-इंचांचा, म्हणजे मध्यापासून एक इंचावर सुमारे ६२० ग्रॅम वजन. मिनिटाला ३,००० फेरे झाले की त्याची ओढ सुमारे १६० किलोग्रॅम वजनाइतकी होते आणि सेकंदाला ५० वेळा फिरत बेअरिंगांना हादरे देते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट!

क्लचचेही तसेच. त्याचा दाब देणारा भाग फ्लायव्हीलशी जुळावा लागतो, तर तबकडीच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या दांड्याशी. स्टार्टरचे दाते पुन्हा फ्लायव्हीलच्या दात्यांशी. एक भाग बदलला की त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची चौकशी करायलाच हवी.

कोणी म्हणेल, कारागिराचा हात तयार असला की गणित कशाला? पण भोके जुळली एवढेच हाताला कळते. तोल बिघडल्याचे कळते ते इंजिन थरथरू लागल्यावर. म्हणून पाना उचलण्याआधी पेन्सिल उचला.